दूध सोडलं, जिम चालू आहे, मग ताकद का अडकली?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३१, वजन ५८ किलो, ठाण्यात सासू-सासऱ्यांसोबत एकत्र घर. मांसाहार पूर्वीही नव्हता. दहा महिन्यांपूर्वी दूध, दही, तूप, मध हेही सोडलं. आठवड्यातून चार दिवस जिम. सुरुवातीला छान चाललं होतं, पण गेल्या काही महिन्यांत स्क्वॉटचं (वजन घेऊन मारायच्या बैठकांचं) वजन पुढे सरकत नाही, दुपारी गळून जायला होतं, केसही जास्त गळतायत. रक्ताची साधी तपासणी 'नॉर्मल' आली. विकतचं व्हीगन (दूध-मधासकट प्राण्यांपासून आलेलं काहीच नसलेलं) चीज वगैरे परवडत नाही आणि आवडतही नाही, जे काही करायचं ते घरच्या स्वयंपाकातूनच. शिवाय सासूबाईंचा रोजचा सवाल: दूध-तूप नाही तर अंगात ताकद येणार कुठून?

मी पुण्यात आहारसल्ला देते आणि वजनांचा व्यायामही शिकवते, त्यामुळे स्वयंपाकघर आणि जिम या दोन्ही बाजूंनी उत्तर देते. सासूबाईंपासूनच सुरुवात करू, कारण त्यांचा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. आपल्याकडच्या तालमी दुधावर उभ्या राहिल्या. कोल्हापुरात आजही कट्ट्यावर म्हैस पिळून धारोष्ण दूध देतात आणि पैलवानाच्या खुराकात दूध, तूप, बदामाची थंडाई असतेच. त्यामागे हिशेब आहे. दोन पेले म्हशीचं दूध आणि वाटीभर दही यांतून साधारण २० ग्रॅम प्रथिनं आणि ६०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं, वर थोडं बी१२ जीवनसत्त्व आणि थोडं आयोडीन. हे सगळं तुम्ही एका दिवसात ताटातून काढलंत. त्याच्या जागी काय आलं? बहुतेक घरांत उत्तर असतं: काहीच नाही. पोळ्या तेवढ्याच, वरण तेवढंच, दह्याची वाटी रिकामी. तुपाचं मात्र सासूबाईंना सांगायला हरकत नाही. त्यात प्रथिनं नाहीत, कॅल्शियम नाही. ती फक्त स्निग्धता आहे आणि ती शेंगदाणे, तीळ, खोबरं यांतून मिळते.

आता डाळीकडे. "मी रोज वरण आणि उसळ खाते" हे वाक्य माझ्याकडे येणारी जवळजवळ प्रत्येक व्यक्ती म्हणते, आणि ते खरंही असतं. पण चार माणसांच्या वरणाला आपण एक वाटी तूरडाळ लावतो, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. तूरडाळीत शंभर ग्रॅमला २१ ते २२ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे माणशी सहा-सात ग्रॅम आली. मटकीची उसळही चौघांत वाटीभर कोरड्या मटकीचीच असते, तीही माणशी सहा ग्रॅम. सकाळचे कांदेपोहे, त्यातले शेंगदाणे, दोन्ही वेळच्या पोळ्या, भात, भाजी धरून दिवसाची बेरीज चाळीस-पंचेचाळीसच्या घरात थांबते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅमची आहे. तुमच्या वजनाला ती ४८ ग्रॅम होते, आणि ती व्यायाम न करणाऱ्या माणसासाठी आहे. वजनं उचलणाऱ्या व्यक्तीला किलोमागे १.४ ते १.६ ग्रॅम लागतात, म्हणजे तुम्हाला रोज ८० ते ९० ग्रॅम. निम्म्या खुराकावर स्क्वॉट अडकला यात नवल काय!

म्हणून माझी पहिली सूचना: किचनचा वजनकाटा आणा आणि दोन आठवडे कडधान्य कच्चं असताना मोजा. मुख्य जेवणात तुमच्या एकटीच्या वाट्याला कोरडं ६० ग्रॅम यायला हवं, ते साधारण अर्धी वाटी भरतं. मोड आलेली मटकी मोजू नका. तिच्यात पाणी शिरलेलं असतं, वजन दुपटीच्याही वर गेलेलं असतं, आणि तक्त्यातला आकडा कोरड्या मटकीचा असतो. या एका घोटाळ्यामुळे कित्येक जण स्वतःला पन्नास ग्रॅम प्रथिनांवर ठेवून 'शंभर होतात' असं समजत असतात.

मराठी ताटात पोळी-भात मधोमध आणि उसळ कडेला असते. तुमच्या ताटात हे उलटं व्हायला हवं. उसळ भरपूर, तिच्याबरोबर दोन पोळ्या. चौघांसाठी वेगळा स्वयंपाक करायची गरज नाही, उसळ जास्त लावा आणि तुमच्या पानात दुप्पट वाढा. आपल्याकडे वाण तर किती! मटकी, मूग, चवळी, हिरवे-काळे वाटाणे, छोले, मसूर, कडवे वाल, कुळीथ. कुळथात २१-२२ टक्के प्रथिनं आहेत आणि कोकणात त्याचं पिठलं अर्ध्या तासात होतं. बेसनाचं पिठलं, झुणका, डाळिंबी उसळ, मालवणी काळ्या वाटाण्याचं सांबारं, शेंगदाण्याची आमटी, सोलकढी हे सगळं व्हीगनच आहे. त्याला तसं कुणी म्हणत नाही, इतकंच.

एकदम दुप्पट उसळ खाल्लीत तर पोट फुगेल, आणि घरातले लगेच म्हणतील, बघ, सोसत नाही. कडधान्यांत अशा काही शर्करा असतात ज्या लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. भिजवलेलं पाणी टाकून द्या, मोड आणा, नीट शिजवा, फोडणीत हिंग असू द्या. मूग आणि मसूर यांपासून सुरुवात करा, राजमा-छोल्यांना तिसऱ्या आठवड्यात हात घाला. आतड्याला सवय व्हायला दोन-तीन आठवडे जातात, तेवढी कळ काढायची.

सोयाबीनबद्दल मराठी घरांत उगाच अढी आहे. वड्यांना उग्र वास येतो ही तक्रार रास्त आहे. त्यावर उपाय एवढाच: उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, गार पाण्यात दोनदा धुऊन घट्ट पिळा, मग काळ्या मसाल्याच्या रश्श्यात सोडा. कोरड्या वड्यांत शंभर ग्रॅमला ५० च्या वर प्रथिनं असतात, म्हणजे मूठभर, ३० ग्रॅम वड्यांत १५ ग्रॅम. हार्मोन्स बिघडतात म्हणून घाबरू नका. रोज वाजवी प्रमाणात सोया खाणाऱ्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन त्यामुळे कमी होत नाही हे अनेक चाचण्या एकत्र तपासून पाहिलं गेलं आहे. थायरॉइडची गोळी चालू असेल तर मात्र ती आणि सोयाचं खाणं यांत चार तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हेच लागू.

सोया दूध घरी करताना लोक एक पायरी चुकतात. सोयाबीन गार पाण्यात वाटला की त्यातलं एक विकर (एन्झाइम) जागं होतं आणि तो कच्चट वास येतो. शंभर ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवा, पाणी फेका, चोळून सालं काढा आणि उकळतं पाणी घालून वाटा. गरम पाण्यात ते विकर निकामी होतं. पंचातून गाळा, मग दूध ढवळत पंधरा-वीस मिनिटं उकळा. ही उकळी चवीसाठी नाही, कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, ते उष्णतेने जातात. पाऊण ते एक लिटर दूध होतं. खाली उरलेला चोथा थालिपिठाच्या भाजणीत मळा. बदामाचं किंवा नारळाचं दूध चवीला छान असतं, पण प्रथिनांच्या बाबतीत ते जवळजवळ पाणीच. जाहिरात पाहून बदामाचं दूध घेणाऱ्यांचे पैसे वाया जातात असं माझं स्पष्ट मत आहे.

चहा ही मराठी माणसाची खरी परीक्षा. सोया दूध आल्याच्या उकळत्या चहात ओतलं की फाटतं. चहा कोरा करा, गॅस बंद करा, दूध वेगळं कोमट करून शेवटी घाला. काजू भिजवून वाटलेलं पातळसर दूध चहाला आणखी चांगलं लागतं. दह्यासाठी शेंगदाणे वापरा: दीडशे ग्रॅम भिजवून, सालं काढून, अर्धा लिटर पाण्यात वाटा, गाळा, पाच-सात मिनिटं उकळा, कोमट करून विरजण लावा. पहिल्या वेळी विरजण नसतं. तेव्हा हिरव्या मिरच्यांचे आठ-दहा देठ धुऊन अर्धी वाटी कोमट दाण्याच्या दुधात रात्रभर बुडवून ठेवतात, त्या देठांवरचे जिवाणू ते लावतात. हे पहिलं दही खायचं नाही, फक्त विरजण म्हणून वापरायचं. कोशिंबिरीला आणि बेसन लावलेल्या कढीला हे दही चालतं. नुसतं वाटीत घेऊन खाल तर दाण्याची चव येणारच.

मी तुम्हाला सुचवेन तो दिवस असा. जिमच्या आधी एक केळं किंवा तीन-चार खजूर, कारण पहाटे उपाशीपोटी जड वजनं उचलणं हेही अडकण्याचं एक कारण असतं. न्याहारीला ६० ग्रॅम मुगाची धिरडी, हिरवी चटणी आणि पेलाभर सोया दूध: वीस-एकवीस ग्रॅम. दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, ६० ग्रॅम मटकीची उसळ, कांदा-काकडीच्या कोशिंबिरीत चमचाभर दाण्याचं कूट: पंचवीसच्या आसपास. संध्याकाळी मूठभर फुटाणे: आठ. रात्री सोया वड्यांचा रस्सा किंवा टोफूची भुर्जी, दोन पोळ्या, वाटीभर घट्ट आमटी: पंचवीस-सत्तावीस. बेरीज ऐंशीच्या आसपास जाते. डाळ आणि धान्य एकाच घासात हवं असा आग्रह नको. प्रथिनांच्या घटकांपैकी धान्यात लायसीन कमी, डाळीत मेथिओनिन कमी, दिवसभरात दोन्ही पोटात गेली की भागतं.

वनस्पतीतली प्रथिनं 'दुय्यम', त्यावर स्नायू होत नाहीत, असं तुमचा ट्रेनर म्हणाला असेल तर त्याला ब्राझीलमधल्या संशोधकांचा २०२१ चा प्रयोग सांगा. व्हीगन आणि मिश्राहारी तरुण पुरुषांना बारा आठवडे सारखाच वजनांचा व्यायाम दिला. दोन्ही गटांची प्रथिनं किलोमागे १.६ ग्रॅमवर आणली, एकाला सोयाची पावडर देऊन, दुसऱ्याला व्हेची, म्हणजे दुधातल्या प्रथिनांची. पायांची ताकद आणि स्नायू दोघांचेही सारखेच वाढले. प्रमाण पुरेसं असणं ही त्यातली अट.

आता बी१२. इथे मी तडजोड करत नाही. आंबवलेली इडली, आंबील, स्पिरुलिना, न धुतलेल्या भाज्या यांपैकी कशातूनही भरवशाचं बी१२ मिळत नाही. स्पिरुलिनात असतं ते बहुतांशी बी१२ सारखं दिसणारं, शरीराला न चालणारं रेणू. 'यकृतात बी१२ चा वर्षानुवर्षं पुरेल एवढा साठा असतो' हे इंटरनेटवरचं वाक्य युरोप-अमेरिकेतल्या भरपूर मांस-अंडी खाल्लेल्या माणसासाठी ठीक आहे. आपला साठा मुळातच तोकडा असतो. पुण्यात केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून चालवलेल्या माता-पोषण अभ्यासात पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर स्त्रियांमध्ये बी१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली. त्या काही व्हीगन नव्हत्या. त्याच अभ्यासात पुढे दिसलं की ज्यांच्या आईचं बी१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिसाद सर्वांत कमी होता. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर हा मुद्दा तुमच्यासाठी आणखी महत्त्वाचा.

आणि म्हणूनच तुमच्या 'नॉर्मल' रिपोर्टवर माझा विश्वास नाही. पालेभाज्या आणि कडधान्यांमुळे व्हीगन माणसाला फोलेट भरपूर मिळतं. बी१२ कमी असलं तरी फोलेट रक्तातली खूण झाकतं आणि नसांचं नुकसान मात्र चालू राहतं. दुसरं, बी१२ कमी असेल तर तांबड्या पेशी मोठ्या होतात, लोह कमी असेल तर लहान. दोन्ही एकदम कमी असेल तर सरासरी आकार अगदी मधला येतो आणि प्रयोगशाळेचा कागद निर्धास्त दिसतो. म्हणून सीबीसीवर, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या मोजणीवर, थांबू नका. फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, होमोसिस्टीन (बी१२ कमी पडलं की हे वाढतं), डी जीवनसत्त्व आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्या. बी१२ खूप कमी निघालं, किंवा पायांना मुंग्या, जिभेची आग, विसराळूपणा असं काही असेल, तर डॉक्टर इंजेक्शनं द्यायची की नाही ते ठरवतील. तसं नसेल तर रोज ५० मायक्रोग्रॅमची किंवा आठवड्यातून २००० ची सायनोकोबालामिन गोळी आयुष्यभर. आपल्याकडे दुकानात मेथिलकोबालामिनच जास्त मिळतं, त्याची ५०० ची रोज एक चालेल. नसांच्या दुखण्याचं औषध मिसळलेली गोळी सोबत माथी मारतात, ती नको, नुसतं बी१२ मागा. मात्रा एवढी मोठी का? एका वेळी आतडं नेमक्या मार्गाने दीड-दोन मायक्रोग्रॅमच शोषतं, बाकीच्यातलं साधारण एक टक्का झिरपून आत जातं. जाता जाता: सासऱ्यांना मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर त्यांचंही बी१२ तपासा. ते दूध पीत असले तरी.

केस आणि थकवा यांमागे माझा दुसरा संशय लोहावर आहे. मासिक पाळी असलेल्या बाईला आपल्याकडची शिफारस रोज २९ मिलिग्रॅमची आहे आणि वनस्पतीतलं लोह कमी शोषलं जातं. आपल्या स्वयंपाकात उपाय आहेत. उसळीवर लिंबू पिळा, मोड आणा, भाजी लोखंडी कढईत करा, जेवणाबरोबर चहा नको, तासभर अंतर ठेवा. अळिवात जुन्या तक्त्यांत शंभर ग्रॅमला १०० मिलिग्रॅम लोह लिहिलेलं असायचं आणि आजही तोच आकडा फिरतो. २०१७ च्या भारतीय तक्त्यांत तो १७ च्या आसपास आहे. चांगलाच आहे, पण चमत्कार नाही. अळिवाचे लाडू तूप न घालता नारळाच्या दुधात वळा आणि खा. फेरिटिन खरंच खाली असेल तर नुसत्या खाण्याने ते वर यायला फार वेळ लागतो. गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, एक दिवसाआड घेतली तर शोषण चांगलं होतं आणि पोटही कमी बिघडतं. फेरिटिन न तपासता लोहाची गोळी सुरू करू नका.

हाडांबद्दल व्हीगन मंडळी सहसा बोलत नाहीत, म्हणून मी बोलते. ऑक्सफर्डच्या मोठ्या अभ्यासात, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, व्हीगन लोकांत अस्थिभंगाचं प्रमाण मांसाहारींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त होतं आणि खुब्याच्या अस्थिभंगाचं दुपटीहून जास्त. कमी वजन, कमी कॅल्शियम आणि कमी प्रथिनं यांनी त्यातला काही भाग समजतो, सगळा नाही. घाबरायचं कारण नाही, पण रोजचं १००० मिलिग्रॅम कॅल्शियम कुठून येतं हे बोटांवर मोजता आलं पाहिजे. ६० ग्रॅम नाचणीच्या भाकरीतून २२० च्या आसपास. पंधरा ग्रॅम तिळाच्या चटणीतून दोनशेच्या जवळ, पण तीळ सालासकट हवेत, पॉलिशच्या पांढऱ्याशुभ्र तिळात ते फार कमी उरतं. शेवग्याचा पाला शंभर ग्रॅमला तीनशेच्या घरात. टोफू घेताना पाकिटावर कॅल्शियम सल्फेट लिहिलंय का पाहा. लिंबू पिळून घरी केलेल्या टोफूत प्रथिनं असतात, कॅल्शियम तेवढं नसतं. पालकात कॅल्शियम दिसतं, पण त्याला बांधून ठेवणाऱ्या ऑक्झलेटमुळे त्यातलं जेमतेम पाच टक्के अंगी लागतं. आणि वाटून, गाळून केलेल्या नाचणी सत्त्वात साल जातं, त्याबरोबर बरंचसं कॅल्शियमही. भाकरी करा.

उरलेलं झटपट. जवसाची चटणी रोज चमचाभर, दाणे कुटलेले हवेत, अख्खे तसेच बाहेर पडतात. मीठ आयोडीनयुक्तच, दूध सोडून वर सैंधवावर जाणं म्हणजे आयोडीनचे दोन्ही रस्ते बंद करणं. डी३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात. ते चालत नसेल तर दगडफुलाच्या जातीतल्या लायकेनपासून केलेलं डी३ किंवा मग डी२ मागा, आणि कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं नाही ना ते पाहा. पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहारी एवढंच सांगतो, दूध आणि मध त्यात बसतात. एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, व्हीगनसाठी वेगळं हिरवं 'व्ही' चिन्ह आहे, ते शोधा.

व्यायामाकडे वळू. स्क्वॉट अडकण्यामागे खाणं असेल, पण मला आणखी एक शंका आहे. दहा महिन्यांत तुमचं वजन कमी झालंय का? उसळी-भाज्यांनी पोट लवकर भरतं, तूप-दूध गेलेलं असतं, आणि नकळत रोजचे दोन-तीनशे कॅलरी कमी पडतात. पाळी लांबली असेल, पुढे-मागे होत असेल, तर तो शरीराचा सरळ इशारा आहे. मग महिनाभर दाण्याचं कूट, खोबरं, एक जास्तीची भाकरी असं वाढवा आणि जिम चारवरून तीन दिवसांवर आणा. प्रत्येक दिवशी एक बसण्या-उठण्याचा प्रकार, एक कमरेतून वाकून उचलण्याचा, एक ढकलण्याचा, एक ओढण्याचा. तीन-तीन सेट, आठ ते दहा रेप्स, मध्ये पूर्ण दोन मिनिटं विश्रांती. सगळे रेप्स स्वच्छ जमले की पुढच्या वेळी लहानातली लहान प्लेट वाढवा. वहीत लिहा. ज्यांची वही नसते त्यांचं वजन 'अडकलेलं' असतं असा माझा अनुभव आहे.

सासूबाई म्हणतील, सूर्यनमस्कार घाल की. त्यांचं मन मोडू नका, रोज बारा घाला, सांध्यांना आणि दमाला उत्तम. मात्र सूर्यनमस्कारात आणि जोर-बैठकांतही ढकलणं आणि बसणं आहे, ओढणं नाही. पाठीचा वरचा भाग आणि दंडाची पुढची बाजू त्यात सुटून जाते. ही उणीव आपल्या परंपरेत मल्लखांब भरून काढतो. तुम्ही डंबेल रो आणि पुल-डाउन करा.

घरातल्या सणावारांचं आधी ठरवून टाका. उकडीचे मोदक वरून तूप सोडेपर्यंत तुमचेच आहेत, फक्त उकडीत तुपाऐवजी तेल घालायला सांगा. पुरणपोळी तेलावर भाजून नारळाच्या गोड रसाबरोबर खा. कोकणात शिरवाळे आणि खापरोळ्या त्याच रसात बुडवतात आणि गोव्यात मणगणें होतं ते चणाडाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाच्या दुधाचंच. नैवेद्याच्या दुधावरून वाद नको. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी दाखवावा, तुम्ही प्रसादाला गूळ-खोबरं मागा. चातुर्मासात उपास करत असाल तर साबुदाणा खिचडीचा दिवस प्रथिनांच्या दृष्टीने कोरडाच जातो. त्या दिवशी भगर, घट्ट दाण्याची आमटी आणि राजगिऱ्याची भाकरी करा आणि जड व्यायाम दुसऱ्या दिवशी ठेवा.

प्रोटीन पावडर लागेल का? वरचा दिवस रोज जमत असेल तर नाही. ऑफिस, लोकल, दौरे यांत आठवड्यातून तीन दिवस तो कोसळत असेल तर साधी, बिनचवीची सोया किंवा वाटाण्याची पावडर घेऊन ठेवा, एक मापात वीस-बावीस ग्रॅम मिळतात. थालिपिठाच्या पिठात मिसळली तर कळतही नाही. त्यापेक्षा पैसे खर्चायचेच असतील तर क्रिएटिन मोनोहायड्रेटवर खर्चा. ते निसर्गतः मांस-मासळीतच असतं, त्यामुळे शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा कमी असतो आणि त्याला फायदाही चांगला होतो. बाजारातली पावडर रासायनिक पद्धतीने बनते, प्राण्यांपासून नाही. रोज ३ ते ५ ग्रॅम, पाण्यात, कोणत्याही वेळी. किडनीचा काही आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पुढच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) किंचित वाढलेलं दिसू शकतं, तेव्हा डॉक्टरांना हे घेताय ते आधीच सांगा.

या आठवड्यात तपासण्या करून घ्या, निकाल आले की बी१२ सुरू करा, आणि तीन महिन्यांनी फेरिटिन, बी१२ पुन्हा बघा. केसांना याहून जास्त वेळ लागतो, चार-सहा महिने धरून चाला. स्क्वॉट त्याआधी हलेल. पाळी मात्र सलग तीन महिने आली नाही, तर खाणं-पिणं बाजूला ठेवून थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.